भोसरीच्या रस्त्यावरचा सायकलस्वार

नाशिक फाट्यापासून खेडपर्यंत ३० किलोमीटर लांबीचा आठपदरी उन्नत मार्ग बांधण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने २ ऑगस्ट २०२४ रोजी मंजुरी दिली, तेव्हा भोसरी, मोशी, चाकण या साऱ्या टापूत समाधान व्यक्त झाले, आणि ते स्वाभाविकही होते. काम ७,८२७ कोटी रुपयांचे आहे. सकाळ-संध्याकाळ या रस्त्यावर अडकून पडणाऱ्या कोणासही त्याचे महत्त्व समजावून सांगावयास नको. वरून कोण जाणार, किती वेगाने जाणार आणि किती मिनिटे वाचणार, याची चर्चा तेव्हापासून पुष्कळ झाली आहे. खालून कोण जाणार, याची विचारपूस मात्र फारशी कोणी केलेली दिसत नाही. खालून जाणाऱ्यांत एक मनुष्य असा आहे, की ज्याच्याजवळ इंजिन नाही, विम्याचा कागद नाही आणि पुष्कळदा येथल्या मतदारयादीत नावही नाही. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत सायकलीवरून पाळीला जाणारा कामगार तो हा. या रस्त्यावर मोटारवाल्यांकडून त्याला रोज जी वागणूक मिळते, तिच्याविषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे.

सायकल म्हटली की आमच्या सुशिक्षित वाचकांच्या डोळ्यांपुढे दोन चित्रे येतात. एक जुन्या पुण्याचे, जेव्हा पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई आणि प्राध्यापकांपासून पेपरवाल्यापर्यंत सर्वजण दोन चाकांवर असत. दुसरे आजच्या रविवारचे, म्हणजे शिरस्त्राण घालून, महागड्या सायकलीवर, आरोग्यासाठी पहाटे बाहेर पडणाऱ्या मंडळींचे. या दोहोंच्या मधला सायकलस्वार आम्हांस दिसत नाही, याचे कारण तो आमच्या ओळखीचा नसतो. २०११ च्या जनगणनेने शेतीबाहेरच्या कामकऱ्यांना कामावर कसे जाता असे विचारले, तेव्हा देशातील सुमारे १३ टक्के लोकांनी सायकल असे उत्तर दिले होते. भोसरीच्या गाळ्यांतून प्रेसवर, लेथवर, पॅकिंगला काम करणारी, मराठवाड्यातून, बिहारमधून, उत्तर प्रदेशातून आलेली मुले खोली भाड्याने घेतात आणि पहिल्या पगारातून जुनी सायकल घेतात. ती छंदासाठी नव्हे. शेअर रिक्षाचे रोजचे पैसे वाचतात म्हणून. या मुलांच्या हातून जे सुटे भाग तयार होतात, तेच चाकणच्या कारखान्यांत जाऊन मोटारी होतात. मोटार घडविणारा मनुष्य मोटारीच्या भीतीने रस्त्याच्या कडेच्या खडीतून सायकल हाकीत असतो, हे दृश्य पाहावयाचे असेल त्याने सकाळी सातच्या सुमारास लांडेवाडीच्या चौकात उभे राहावे.

त्याला मिळणाऱ्या वागणुकीचे प्रकार ठरावीक आहेत. मागून येणारा चालक अगदी पाठीशी येऊन हॉर्न दाबून धरतो. कर्कश, बहुसुरी हॉर्नला मोटार वाहन नियमांत बंदी आहे; पण ती बंदी ज्यांच्या कानांवर आघात होतो त्यांनाच ठाऊक नसते. दुसरा प्रकार ‘कट मारण्या’चा, म्हणजे हातभरही अंतर न ठेवता पुढे जावयाचे आणि लगेच डावीकडे घ्यावयाचे. तिसरा सर्वांत घातक. मोठी गाडी सायकलीला ओलांडते आणि पाच-दहा पावलांवर वसाहतीच्या आतील रस्त्याला डावीकडे वळते. मागील चाके आतल्या अंगाने कापत येतात आणि सायकलस्वार गाडी व कडेचा दगड यांच्या कैचीत सापडतो. मालमोटारीच्या बाजूला चाकांच्या मधल्या मोकळ्या जागेत कठडा असावा, हा नियम एवढ्याचसाठी आहे. कित्येक गाड्यांना तो नसतो, किंवा असतो तो वाकून, सुतळीने बांधलेला. याखेरीज क्लीनरने पत्र्यावर हात आपटून ओरडणे, शेजारून जाताना शिवी हासडणे, उभ्या गाडीचे दार मागे न पाहता उघडणे, हे किरकोळीत जमा.

हे सर्व चालक स्वभावानेच दुष्ट आहेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. हाच मनुष्य घराच्या दाराशी शेजाऱ्याच्या मुलाला उचलून बाजूला घेतो. मग सुकाणूमागे बसल्यावर त्याला काय होते? आमच्या मते, त्याच्या मनात एक समजूत पक्की बसलेली असते की रस्ता मोटारींचा आहे, आणि सायकलवाला तेथे आगंतुक आहे. आगंतुकाला हुसकावणे हा त्याला आपला हक्कच वाटतो. तो रागावतो तो उशीर झाला म्हणून नव्हे. पुढच्या सिग्नलला तो आणि सायकलस्वार बहुधा एकाच वेळी पोचलेले असतात. तो रागावतो तो आपल्या मालकीच्या जागेत कोणी शिरले या भावनेने.

ही समजूत कितपत खरी आहे ते पाहू. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर सायकलीला मनाई आहे, तशी ती नाशिक रस्त्यावर नाही. म्हणजे कायद्याने सायकलस्वार येथे पाहुणा नसून हक्कदार आहे. कोणी म्हणतात, आम्ही रस्त्याचा कर भरतो, सायकलवाला काय भरतो? हा प्रश्न सुशिक्षितांच्या बैठकीतही ऐकू येतो, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. एके काळी आपल्याकडील नगरपालिका सायकलीवर कर घेत, आणि तो भरल्याचा बिल्ला पुढच्या बाजूस लावून फिरावे लागे. बिल्ला नसेल तर सायकल जप्त होई. तो कर भरूनही सायकलवाल्याने कधी मोटारीला ‘बाजूला हो’ म्हटल्याचे ऐकिवात नाही. आज तो कर उरलेला नाही, पण सायकल घेताना, टायर-ट्यूब घेताना तो वस्तू व सेवा कर देतो, आणि खोलीच्या भाड्यातून घरमालकाचा घरपट्टीचा बोजा उचलतो. राहता राहिली रस्त्याच्या झिजेची गोष्ट. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय संस्थानात रस्त्यांवर वजनदार गाड्या अहोरात्र चालवून मोठी चाचणी घेण्यात आली. तिच्यावरून अभियंत्यांनी जो ठोकताळा बांधला तो असा, की आसावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची हानी सुमारे सोळा पट होते. या हिशेबाने सायकलीने रस्त्याची केलेली हानी शून्यच म्हणावयाची. भोसरीच्या रस्त्यावरचे खड्डे कोणी पाडले, हे ठरविण्यास गणिताचा मास्तर नको.

आता मालमोटारीच्या चालकाचीही बाजू आहे, आणि ती न मांडणे अन्यायाचे होईल. आजचे मोठे कारखाने सुट्या भागांचा साठा करून ठेवीत नाहीत. माल नेमक्या वेळी दाराशी यावा अशी त्यांची योजना असते. यात कारखान्याचे भांडवल वाचते, गोदाम वाचते, आणि उशिराचा सारा ताण जाऊन बसतो तो टेंपो हाकणाऱ्याच्या मानेवर. खेप चुकली तर दंड, कोंडी झाली तर त्याचाच दोष. रात्रभर गाडी हाकून आलेल्या माणसाला शहरात अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळा सांभाळावयाच्या असतात, आणि बंदी सुरू होण्यापूर्वीची दहा मिनिटे तो जिवाच्या आकांताने पळवितो. त्याला विश्रांतीची जागा नाही, झोपेचा हिशेब कोणी ठेवीत नाही. ज्याला कोणी माणुसकीने वागवीत नाही, त्याच्याकडून रस्त्यावर माणुसकीची अपेक्षा करताना मालकवर्गाने स्वतःकडे एकदा पाहावे. मात्र एवढे सांगून आम्ही त्याला दोषमुक्त करीत नाही. थकवा हे कारण झाले. हॉर्न दाबून धरून माणसाला खडीत ढकलणे हा निवडीचा प्रश्न आहे. आणि कट मारणाऱ्यांत मालमोटारवाल्यांइतकेच, कदाचित अधिक, वातानुकूलित मोटारीतले शिकलेले लोक असतात, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्यांच्या डोक्यावर तर खेपेचा दंडही नसतो.

कायदा या बाबतीत लोकांना वाटतो तितका पांगळा नाही. मोटार वाहन कायद्याचे १८४ वे कलम धोकादायक वाहन चालविण्यासंबंधी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात पहिल्या अपराधाला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली; आणि नियमाविरुद्ध रीतीने दुसऱ्या वाहनाला ओलांडणे हाही धोकादायक चालविण्याचाच प्रकार होय, असे स्पष्टपणे लिहिले गेले. म्हणजे अंगावर गाडी घालणाऱ्याने कोणाला प्रत्यक्ष पाडलेच पाहिजे असे नाही. न पाडताही तो अपराधी ठरू शकतो. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पूर्वीच्या दंडसंहितेत दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती, ती १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत वाढली. परंतु याच संहितेतील दुसरे एक पोटकलम, म्हणजे अपघातात मृत्यू घडवून पोलिसांना वा दंडाधिकाऱ्याला न कळविता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेचे, त्या दिवशी अमलात आलेच नाही. जानेवारी २०२४ च्या पहिल्याच दिवशी मालमोटारचालकांनी देशभर चाके थांबविली, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, आणि सरकारने माघार घेतली. थांबलो तर जमाव आम्हांला मारील, हे चालकांचे म्हणणे खोटे नव्हते. पण त्या पोटकलमाने जमावापुढे उभे राहा असे सांगितलेच नव्हते. कळवा, एवढेच सांगितले होते. ज्यांच्याजवळ चाके होती त्यांनी ती थांबवून आपले म्हणणे दोन दिवसांत ऐकविले. सायकलवाल्याने चाके थांबविली तर पेट्रोलपंपावर रांग लागत नाही.

कायदा आहे, पण त्याचा धाक नाही, हे पुणेकरांनी १९ मे २०२४ च्या पहाटेनंतर पाहिले. कल्याणीनगरात एका भरधाव परदेशी मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, आणि मोटार हाकणाऱ्या अल्पवयीन मुलाला प्रारंभी जो जामीन मिळाला त्याच्या अटींत अपघातांविषयी ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. लोकक्षोभानंतर ते प्रकरण पुढे पुष्कळ वळणांनी गेले. आम्ही काही वर्षे वर्गात निबंध तपासले आहेत, आणि निबंधाने मुलाचे हस्ताक्षर सुधारते यापलीकडे फारशी खात्री आम्हांस कधी देता आली नाही. तो गदारोळ झाला तो योग्यच झाला. पण भोसरीच्या रस्त्यावर एखादा कामगार मालमोटारीखाली येतो, तेव्हा बातमी आतल्या पानावर चार ओळींची असते, हे वृत्तपत्राच्या धंद्यातील आम्ही लोकांनीही मान्य केले पाहिजे. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, आणि त्यांत सायकलस्वार साडेचार हजारांहून अधिक होते.

मग सायकलस्वाराने रोजच्या रोज या वागणुकीशी कसा सामना करावा? पहिली गोष्ट, शिवीला शिवी देऊ नये. हे आम्ही साधुत्वाचा उपदेश म्हणून सांगत नाही. वजनाचा हिशेब एका बाजूला काही किलो आणि दुसऱ्या बाजूला काही टन असा असताना भांडण उकरून काढणे व्यवहाराला धरून नाही. दुसरी गोष्ट अनेकांना उलटी वाटेल. रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून जाऊ नये. कडेला खडी असते, गटाराच्या जाळ्या असतात, उभ्या गाड्यांची दारे असतात. त्यांना चुकविण्यासाठी ऐन वेळी उजवीकडे यावे लागते आणि तेथेच घात होतो. कडेपासून सुमारे एक मीटर आत, सरळ, एका रेषेत, न डगमगता जाणारा सायकलस्वार मागच्याला लांबून दिसतो, आणि त्याला ओलांडताना मागच्याला थोडा तरी विचार करावा लागतो. चौकात उभ्या मालमोटारीच्या डाव्या बाजूने पुढे सरकण्याचा मोह टाळावा. चालकाच्या उंच बैठकीवरून ती जागा दिसत नाही. मागे तांबडा दिवा असावा. पूर्वी दिव्याशिवाय सायकल हाकली तर पोलिस अडवीत आणि लोक त्यांच्यावर चिडत. ते पोलिस शहाणे होते असे आता वाटते.

कोणी मुद्दाम अंगावर गाडी घातलीच, तर नंबर, वेळ आणि ठिकाण तेवढ्यातच टिपून घ्यावे व तक्रार करावी. एका तक्रारीने काही होत नाही हे खरे. एकाच नंबराच्या चार तक्रारी आल्या म्हणजे मात्र गाडीच्या मालकाला खुलासा करावा लागतो. दुर्दैवाने इजा झालीच, तर दोन तरतुदी कामगारांच्या घरोघर माहीत असावयास हव्यात. ५ मे २०२५ पासून लागू झालेल्या योजनेप्रमाणे अपघातग्रस्तास पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळावयाचे आहेत. आणि ठोकरून पळालेल्या गाडीचा पत्ता लागला नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूबद्दल दोन लाख व गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये भरपाई आहे. तिच्यासाठी तहसीलदार वा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. परगावच्या मुलाला हे सांगणार कोण? ज्या गाळ्यात तो राबतो, त्या गाळ्याच्या मालकाने फलकावर लिहून लावले तर खर्च एका कागदाचा आहे.

सायकलस्वारांचेही दोष आहेतच. उलट्या दिशेने येणे हा त्यांतील सर्वांत मोठा. पण भोसरीत तो मनुष्य उलटा का येतो, हे पाहावे. दुभाजक ओलांडण्याची वाट लांब, तेथपर्यंत जाऊन परत यावयाचे तर दीड-दोन किलोमीटरचा फेरा, आणि पायाने पॅडल मारणाऱ्याला फेऱ्याचे अंतर मोटारवाल्यासारखे फुकट नसते. रस्ता आखणाऱ्याने त्याचा विचार केला नाही, म्हणून तो रस्त्याचा विचार करीत नाही. भोसरीचा उड्डाणपूल झाला तेव्हा वरची वाहने वर गेली; खाली मोकळी झालेली जागा उभ्या गाड्या, रिक्षा आणि हातगाड्या यांनी घेतली. सायकलवाल्याच्या वाट्याला त्यांच्यामधली फट आली.

मोटारवाल्यांचा स्वभाव उपदेशाने बदलेल अशी वाट पाहत बसण्यापेक्षा अंतराचा आकडाच लिहून ठेवणे बरे, असे इतर देशांनी ठरविले. जर्मनीने २०२० साली सायकलीला ओलांडताना वस्तीत दीड मीटर आणि वस्तीबाहेर दोन मीटर अंतर सक्तीचे केले. ब्रिटनने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या रस्तासंहितेत फेरफार करून, ज्याच्या हातून अधिक इजा होऊ शकते त्याच्यावर अधिक जबाबदारी, असा क्रमच लावून दिला. आपल्याकडे ‘पुरेसे अंतर’ हे शब्द वापरण्याची सवय आहे, आणि पुरेसे म्हणजे किती हे प्रत्येकजण आपल्या घाईप्रमाणे ठरवितो. तथापि आमचे मत असे, की केवळ आकडा लिहूनही येथे भागणार नाही. ज्या रस्त्यावर दीड मीटर सोडण्यास जागाच नाही, तेथे आकडा पोलिसाला पाळता येत नाही आणि चालकालाही नाही. जागा आधी पाहिजे.

आणि जागा निर्माण होण्याची संधी याच उन्नत मार्गात आहे. मंजूर योजनेत वरच्या आठ पदरांबरोबरच खालचा रस्ता चार ते सहा पदरी करणे आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन पदरी सेवारस्ते देणे आहे. लांब पल्ल्याची वाहतूक वर गेल्यावर खाली राहणार ती मुख्यतः स्थानिक. त्या सेवारस्त्याच्या कडेने, उंच कठड्याने वेगळी केलेली, गाडी उभी करता येणार नाही अशी सायकलवाट सोडली, तर चालकाच्या मनातील ‘हा आगंतुक’ ही समजूत रस्त्याच्या मांडणीनेच पुसली जाईल. नुसता पांढरा पट्टा आखून हे होत नाही. पट्ट्यावर संध्याकाळपर्यंत टेंपो उभे राहतात, हे पुण्याच्या सायकल-मार्गांनी शिकविले आहे. डिसेंबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेने सायकलींचा सर्वंकष आराखडा मंजूर केला, भाड्याच्या रंगीत सायकलीही त्या सुमारास रस्त्यावर आल्या, आणि वाट सुरक्षित नव्हती म्हणून म्हणा वा अन्य कारणांनी म्हणा, थोड्याच काळात दिसेनाशा झाल्या. पिंपरी-चिंचवड महापालिकेने निगडी-प्राधिकरणात ‘हरित सेतू’ या नावाने पादचारी व सायकलस्वारांसाठी रस्त्यांची नवी मांडणी हाती घेतली, हे स्तुत्य आहे. पण तेथे सायकल बव्हंशी आरोग्यासाठी चालते, आणि भोसरीत ती पोटासाठी चालते. १९७० साली भोसरी, आकुर्डी, चिंचवड आणि पिंपरी या गावांची मिळून नगरपालिका झाली ती कारखानदारीच्या बळावर. त्या कारखानदारीच्या पायाखालची माणसे कोणत्या बाजूला राहतात, हे महापालिकेला कोणी सांगावयास नको.

एकदा खांब उभे राहिले की खालच्या जागेची वाटणी कायमची होते. यास्तव राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने आणि महापालिकेने जमिनीवरच्या रस्त्याचे आडवे छेद, म्हणजे कोणाला किती मीटर जागा मिळणार हे दाखविणारे नकाशे, चौकाचौकांच्या तपशिलासह जाहीर करावेत आणि भोसरीच्या क्षेत्रीय कार्यालयात लोकांना पाहण्यासाठी लावावेत. ते मराठीबरोबर हिंदीतही असावेत, आणि पाहण्याची वेळ सकाळी दहा ते सायंकाळी पाच एवढीच नसावी. दिवसपाळीचा मनुष्य त्या वेळी यंत्रावर असतो.